सिस्टर घारे आणि त्यांचे पेशंट

बियाण्याच्या डब्याचं झाकण उघडण्याआधी त्यावर टकटक करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली आहे. ती आमच्या भिंतीपलीकडे राहते.

टकटक करायची, जरा थांबायचं आणि मग झाकण हळूच फिरवायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, डब्यात उंदीर शिरला असावा आणि बाई त्याला अब्रूनं बाहेर पडायची संधी देत असाव्यात. तसं मी विचारलंही. चुकीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहावं तसं सिस्टर घाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आत पेशंट हाय," त्या म्हणाल्या. "न सांगता पडदा बाजूला सारतात का कुणी?"

पेशंट म्हणजे पसाभर भाताचं बी होतं. त्याला बुरशी आली होती.

त्यांचं नाव हिराबाई, पण ते बहुधा पेन्शनच्या कागदावरच उरलंय. कर्जतपासून कोंडाण्याच्या वाटेपर्यंत त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. खालापूर तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारण्याची कुणाची छाती झाली नाही, कारण विचारणाऱ्याचाच हात धरून नाडी बघायची त्यांची सवय. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या जागेत त्यांनी दोन खोल्या बांधल्या, त्या नेमक्या आमच्या घराला लागून. भिंत एक, ओटा एक आणि वासही एकच. वासाचं पुढे सांगतो.

निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात, नाहीतर सुनेच्या चुका काढतात. सिस्टरांकडे सून नव्हती आणि देवावर त्यांचा विश्वास जेमतेम, म्हणजे "हात धुऊन आला तर ठीक" इतपतच. त्यामुळे पहिलं वर्ष त्यांना फार जड गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून त्या जीभ दाखवायला लावत. पोस्टमन तर लांबूनच पत्र टाकून पळायचा.

मग एक दिवस माझी बायको नीता आमचं थोडंसं बियाण्याचं भात उकिरड्यावर टाकायला निघाली होती. ओल लागून दाण्यांवर काळेहिरवे डाग पडले होते. सिस्टरांनी तिला ओट्यावरच थांबवलं, चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि निदान केलं, "ह्ये गजकर्ण हाय."

"भाताला?" नीता म्हणाली.

"बुरशी ती बुरशी, गं. माणसाच्या काखेत काय नि भाताच्या दाण्यावर काय. खेड्यापाड्यात मी गजकर्णावर टाकळ्याचा पाला वाटून लावताना बघितलंय. माणसाला चालतं तर याला का नको?"

त्या दिवसापासून गावातली जीभ दाखवायची सक्ती संपली. पोस्टमन परत दारापर्यंत यायला लागला.

सिस्टरांच्या बाहेरच्या खोलीला आम्ही वॉर्ड म्हणतो. खरं तर त्याच म्हणतात, आम्ही फक्त हसत नाही. भिंतीला लागून फळ्या आहेत आणि फळ्यांवर स्टीलच्या थाळ्या. थाळीत ओला टीपकागद अंथरायचा, त्यावर बिया रांगेनं मांडायच्या, दोन बियांमध्ये बोटभर अंतर ठेवायचं. "खाटा चिकटवल्या की एकाचं दुसऱ्याला लागतं." वर दुसरी थाळी झाकण म्हणून. प्रत्येक थाळीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर औषधाचं नाव: टाकळा, निर्गुडी, कडुनिंब, करंज, लसूण. पाला खलबत्त्यात कुटायचा, ड्रेसिंगच्या जाळीदार कापडातून गाळायचा आणि सिरिंजनं मोजून बियांवर सोडायचा. एका थाळीवर नुसतं "काही नाही" असं लिहिलेलं असायचं. त्या थाळीतल्या बियांना औषध द्यायचं नाही. दोन-चार दिवसांत त्यांच्यावर पिंजलेल्या कापसासारखी बुरशी चढायची.

"यांनाच का उपाशी ठेवता?" मी एकदा विचारलं.

"यांचं बघितल्याबिगर बाकीच्यांचं कळत नाय," त्या म्हणाल्या. आणि त्या थाळीवर झाकण ठेवताना जरा जास्तच हळू ठेवलं.

बी घेऊन येणाऱ्याला आधी हिस्ट्री द्यावी लागे. "कधीपासून हाय? कुठं ठेवलं व्हतं? सुकवलं व्हतं की नुसतं दाखवलं उन्हाला? घरात आणि कुणाला हाय?" शेवटच्या प्रश्नाला लोक गोंधळून आपल्या सासऱ्याचा दमा सांगत. सिस्टर तोही ऐकून घेत आणि त्याचंही काहीतरी सांगत.

आता वास. यातलं त्यांचं सगळ्यात लाडकं औषध म्हणजे लसूण. आमचे वाळत घातलेले कपडे त्याच भिंतीवर असत. मी खालापूरला एका कचेरीत कारकून आहे. तिथे शेजारच्या टेबलावरच्या माणसानं एकदा फार आपुलकीनं विचारलं, "ब्लडप्रेशर कधीपासून आहे?" माझ्या शर्टाच्या वासावरून त्यानं माझा आजार ठरवला होता. मी नाही म्हटलं तर "लपवू नका" म्हणाला आणि त्या दिवसापासून माझ्या वाटच्या जड फायली स्वतः उचलू लागला. सिस्टरांच्या औषधाचा पहिला लाभार्थी मी, हे त्यांना अजून माहीत नाही.

गावातल्या बहुतेकांचं म्हणणं एकच. दुकानातून बुरशी मारायची पूड आणायची, बियाण्याला चोळायची, काम संपलं. सिस्टरांचं पुडीशी वैर नव्हतं. "पूड वाईट नाय," त्या म्हणत. "पण ती हातानं चोळायची नि त्याच हातानं तंबाखू मळायची, ह्ये वाईट. तुमी हात धुता का? नाय धुत. मला म्हाईत हाय. मी जन्मभर तुमचे हात बघितलेत."

एकदा माझ्या सासूबाई पनवेलहून आल्या. सकाळी मी कचेरीत, नीता दळणाला. सासूबाईंना ओट्यावरच्या थाळीत मोड आलेले वाल दिसले, छान रांगेत मांडलेले. लेकीच्या घरी इतकी टापटीप बघून त्यांना भरून आलं. त्यांनी ते सोलले आणि बिरडं केलं. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी ते चाटूनपुसून खाल्लं. आमच्याकडचे वाल मुळातच कडवे, त्यामुळे त्यात कडुनिंबाचा कडवटपणा होता हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सिस्टर दारात आल्या. "माझे पेशंट?"

आम्ही तिघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. मग सासूबाईंनीच कबुली दिली. सिस्टर रागावल्या नाहीत. त्या पाटावर बसल्या आणि एकेकाला विचारू लागल्या. कुणाला मळमळलं का? पोटात दुखतंय? जीभ दाखवा. सगळ्यांच्या जिभा बघून झाल्यावर त्या समाधानानं उठल्या. "म्हंजे पोटात गेलं तरी बाधत नाय. ह्ये कळायचं राह्यलंच व्हतं." सासूबाई त्यानंतर कधीही आल्या की ओट्यावरची कुठलीही वस्तू आम्हाला विचारल्याशिवाय उचलत नाहीत, केरसुणीसुद्धा.

हे सगळं असंच गमतीत चाललं असतं. पण मग बबन भोईर आला.

बबन आमच्या गावचाच. त्याची भातशेती आहे आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर तो वाल पेरतो. त्याच्या घरचा वाल वेगळा. दाणा बारका, पण शिजला की मऊ, आणि कडवटपणा असा की जिभेवर रेंगाळत राहावा. तसलं बी बाजारात मिळत नाही. त्याची आई दरवर्षी हातानं एकेक दाणा निवडायची, कडक उन्हात सुकवायची, राख चोळून माठात भरायची. दोन पावसाळ्यांपूर्वी म्हातारीची नजर गेली. त्यानंतरच्या साली बी ठेवायचं काम बबननं केलं. बबन घाईचा माणूस. राख चोळायचा कंटाळा केला, नीट सुकायच्या आधीच बी प्लॅस्टिकच्या पिंपात भरलं आणि झाकण घट्ट लावून वर अभिमानानं दगड ठेवला.

भात कापून झाल्यावर त्यानं पिंप उघडलं तेव्हा आतलं बी ढेकळासारखं एकमेकांना चिकटलं होतं. वर हिरवी बुरशी, खाली काळी.

सिस्टरांची सगळ्यात जास्त टिंगल करणारा माणूस म्हणजे बबन. "सिस्टर, आमच्या रेड्याला बी अ‍ॅडमिट करा," असं तो रस्त्यातून ओरडायचा. आता तोच गोणपाट डोक्यावर घेऊन ओट्याखाली उभा राहिला. वर यायला लाजत होता.

"हिस्ट्री सांग," सिस्टर म्हणाल्या.

त्यानं सांगितली. मग हळू आवाजात म्हणाला, "आयला अजून सांगितलं नाय. ती रोज इचारती, वाल कवा पेरतूस म्हणून. ह्ये गेलं तर ह्या वालाचं बी कुठंच नाय, सिस्टर."

सिस्टरांनी गोणपाट वॉर्डमध्ये ओतून घेतलं आणि दिवसभर बसून तीन ढीग केले. मी विचारलं, तर बोट दाखवून म्हणाल्या, "ह्ये गेलेले. ह्ये गंभीर. नि ह्ये नुसते घाबरलेले." घाबरलेल्यांचा ढीग सगळ्यात लहान होता.

एरवी त्या आधी थाळीत चार दाण्यांवर औषध करून बघायच्या आणि मगच बाकीच्यांना द्यायच्या. पण शेतातली ओल उतरत चालली होती आणि बबन सकाळ-संध्याकाळ दारात. सिस्टरांनी लसणीचा रस काढला, यावेळी घट्ट. बुरशी फार आहे, डोस जास्त पाहिजे, असं म्हणाल्या. लहान ढिगातलं निम्मं बी त्यात भिजवलं, सावलीत सुकवलं आणि मग त्यातले काही दाणे थाळीत मांडले.

बुरशी आली नाही. थाळी लखलखीत. सिस्टर खूश होत्या. पण एक दिवस गेला, दोन गेले, मोडही आला नाही. शेवटी त्यांनी एक दाणा बोटात धरून दाबला. तो मऊ लागला, आतून पिवळा पडलेला. बुरशी मेली होती आणि तिच्याबरोबर वालही.

बबनला कळायचं ते कळलंच. तो ओट्यावर आला आणि यावेळी लाजला नाही.

"तुमी वाचवाय घेतलं व्हतं का शिजवाय?" तो म्हणाला. "उरलेलं द्या माझं. माझी मी पूड लावीन, नाय तर जाळीन. पण तुमचा हात नको लागाय."

सिस्टरांनी उरलेलं बी पिशवीत भरून त्याच्या हातात दिलं. दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी खलबत्त्याचा आवाज आला नाही, लसणीचा वास आला नाही. आमच्या घरात आपोआप शांतता झाली. नीता दोनदा भिंतीला कान लावून आली. "जिवाला लावून घेतलं असेल का हो त्यांनी?" मी म्हटलं, सिस्टर आहेत, त्या दुसऱ्याची नाडी बघतात, स्वतःची नाही. पण मलाही चैन पडत नव्हतं.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळीच दारावर थाप पडली. पांढरी साडी, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, म्हणजे ड्युटीवर निघाल्यासारख्या.

"तू चल माझ्यासंगं," त्या मला म्हणाल्या. "बबनकडं जायचंय."

"मी कशाला?"

"चूक कबूल करताना साक्षीदार असलेला बरा. नाय तर माणूस निम्मीच करतो."

बबन अंगणात होता. आम्हाला बघून तो घरात वळायला लागला. सिस्टर अंगणातच उभ्या राहिल्या आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "बबन, चूक माझी हाय. औषध बरोबर व्हतं, डोस चुकला. आधी बघायला पायजे व्हतं, मी बघितलं नाय. घाई तू केलीस, पण ऐकली मी. नर्सनं ऐकायची नसते. आता उरलेलं बी दे. पातळ रस करते, चार थाळ्या लावते, ज्यात मोड येईल तेवढाच डोस देते."

"नाय द्यायचं," बबन म्हणाला.

"कुणाचं बी? कशाचा डोस?" आतून म्हातारीचा आवाज आला. बबनचा चेहरा पडला. म्हातारी भिंतीला धरत दारात आली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सिस्टरांनीच सगळं सांगितलं, बबनचं प्लॅस्टिकचं पिंपही आणि स्वतःचा घट्ट रसही. दोन्ही अगदी सारख्याच आवाजात.

म्हातारी बबनच्या दिशेनं, म्हणजे अंदाजानं तुळशीकडे बघून म्हणाली, "दे रं तिला."

"आय, हिनंच तर..."

"दाई चुकली म्हणून पोर परत पोटात घालता येतंय का? जे भायेर आलंय ते तिच्याच हातात द्यायचं असतंय. दे."

बबननं पिशवी दिली.

पुढचे दिवस सिस्टरांनी माझ्याशी गप्पा मारल्या नाहीत. चार थाळ्या लावल्या, चार वेगळ्या पातळ्यांचा रस. सगळ्यात पातळ रसाच्या थाळीत बुरशी परत आली. सगळ्यात दाट रसाच्या थाळीत बी हललंच नाही. मधल्या दोहोंपैकी एका थाळीत, एका सकाळी, पांढरे बारीक मोड दिसले. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना. सिस्टरांनी नीताला हाक मारून ते दाखवले. नीता सांगते, त्या हसल्या वगैरे नाहीत. फक्त खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "जरा पाय दुखतात गं."

उरलेल्या बियाला तोच डोस दिला. बबननं ते शेताच्या एका कोपऱ्यात पेरलं. ओल जेमतेम उरली होती. वाल उगवला, विरळ, मधेमधे टक्कल पडल्यासारखा, पण उगवला. थंडीत शेंगा धरल्या तेव्हा सगळा गाव पोपटीची वाट बघत होता. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेल्या बबनच्या वालाच्या शेंगा म्हणजे आमच्याकडचा सणच. बबननं एक शेंग तोडू दिली नाही. सगळं बियासाठी राखलं. गावानं त्या साली दुसऱ्याच्या वालाची पोपटी खाल्ली आणि बबनला नावं ठेवली. त्यानं ती निमूट ऐकून घेतली.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका रविवारी दुपारी बबन माठ घेऊन आला. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. माठाचं तोंड फडक्यानं बांधलेलं, कडेनं राख दिसत होती.

सिस्टर बाहेर आल्या. सवयीनं चष्मा खाली ओढला. फडकं सोडून मूठभर वाल बाहेर काढले, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला. कट्‌ असा आवाज आला.

"ह्याला काय झालंय?" त्या म्हणाल्या. "ह्यो तर बरा हाय. कडक सुकलाय. राख लावलीय. मी काय करू ह्याचं?"

"करायचं काय नाय," बबन म्हणाला. "ठेवायचा. आय म्हणली, माझ्या डोळ्याला दिसत नाय, नि ह्याचा भरवसा नाय. ह्यो म्हंजे मी. सिस्टरच्या घरात ठेव म्हणली, पेरणीपर्यंत."

सिस्टर माठाकडे बघत राहिल्या. या बाईंना दमेकरी, तापकरी, अडलेल्या बायका, बुरशीचं भात, सगळं आणून दिलेलं माहीत होतं. पुढचं त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, जणू नोकरीचा नियम सांगतात तशा.

"बरं झालेलं माझ्याकडं कुणी आणून ठेवत नाय रं. बरं झालं की घरी जातात. जावंच. त्यासाठीच तर बरं करायचं असतं."

बबन माठाचं फडकं परत बांधू लागला. मी पेपरात बघितलं.

माठ त्यांनी वॉर्डमध्ये ठेवला नाही. आतल्या खोलीत नेला, स्वतःच्या कॉटच्या उशाशी. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "बसा दोघं. चहा टाकते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की भिंत एक, ओटा एक असूनही इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे कधी चहाला बसलो नव्हतो. त्यांनी कधी बोलावलं नव्हतं आणि आम्हालाही कधी सुचलं नव्हतं. चहा आला. बबनला स्टीलच्या वाटीत, मला औषध मोजायच्या ग्लासात. सिस्टरांच्या हातात कान तुटलेला कप. ज्या घरात थाळ्या ठेवायला भिंती पुरत नाहीत, त्या घरात कप एकच होता. चहाला लसणीचा वास होता. आम्ही दोघांनी तो चांगला झालाय म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात सिस्टर खोपोलीला गेल्या. बरण्या आणायला गेल्या असतील, असं मला वाटलं. संध्याकाळी टमटममधून उतरल्या तेव्हा हातात खोका होता. मी तो ओट्यावर चढवायला मदत केली. खोक्यावर कपबश्यांचं चित्र होतं.

"सहा?" मी विचारलं.

"सुटे देत नव्हता," सिस्टर म्हणाल्या आणि खोका आत घेऊन गेल्या.